सतरा रुपये सत्तर पैशांचा अर्ज

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. शाळा सातवीपर्यंत. पटावरची निम्मी मुलं पावरा आणि भिल्ल घरांतली, बाकीची गावातल्या शेतमजुरांची. खाली केळी आणि कापूस, वर डोंगरात मोह. दिवाळी उरकली की बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला जातात. अशा शाळेत ‘मुलांना बचतीची सवय लावा’ असा उपक्रम आला, तेव्हा आमच्यातले एक सर म्हणाले, “ज्याच्या घरी उरतच नाही, त्याने वाचवायचं काय?” प्रश्न चुकीचा नव्हता.

प्रशिक्षणात मात्र नुसती बचत नव्हती. हा अभ्यासक्रम मुळात आपल्याकडचाच. मुंबईत १९९१ साली ‘मेलजोल’ ही संस्था सुरू करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनीच पुढे मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन उभी केली, आणि २००५ मध्ये ‘अफलातून’ या नावाने हे काम देशाबाहेर नेलं. त्यात पाच भाग आहेत: स्वतःची ओळख, हक्क आणि जबाबदाऱ्या, बचत आणि खर्च, नियोजन, आणि शेवटी मुलांनी चालवायचा छोटा उद्योग. पैशांचा विषय तिसऱ्या नंबरला येतो. आधी बोलायला शिका, मग पैसे मोजा, असा तो क्रम आहे. तो तसा का, हे मला पुढे बँकेत गेल्यावर कळलं.

काटकसर शिकवायची आमच्या पोरांना गरजच नव्हती. पाच रुपयांच्या तेलात भाजी कशी होते, हे त्यांनी घरी रोज पाहिलेलं. पैसा त्यांच्या हातातही येतो: पाहुणा जाताना दहाची नोट देतो, भाऊबीजेला काही मिळतं, मोहाच्या दिवसांत फुलं वेचून आणली की आई थोडे देते. नसते ती ठेवायची जागा. छपराच्या वाशात खोचलेली नोट मोठा भाऊ काढतो, डब्यातली बाप काढतो.

म्हणून आम्ही पत्र्याचा एक डबा आणला आणि त्याला दोन कुलपं लावली. एक किल्ली खजिनदाराकडे, एक माझ्याकडे. खजिनदार, अध्यक्ष आणि हिशेबनीस मतांच्या चिठ्ठ्या टाकून निवडले. मला वाटलं होतं वर्गातला हुशार मुलगा खजिनदार होईल. पोरांनी सातवीतल्या एका अबोल मुलीला निवडलं, कारण “ती उधार देत नाही”. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी ती वही उघडून बसायची: तारीख, जमा, काढले, शिल्लक, सही. दोन रुपयेही चालायचे.

पालकसभेत पहिला प्रश्न एका आजोबांचा आला, “गुरुजी, पैसा बुडनात ते कोन देई?” जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही. इथे पतसंस्था बुडालेल्या आहेत, आणि आयुष्यभराच्या ठेवींसाठी म्हातारी माणसं अजून खेटे घालतात. मी भाषण दिलं नाही. दर महिन्याला डबा सगळ्यांसमोर उघडायचा आणि कुणाही पालकाने मोजून बघायचा, असं ठरलं. आजोबा दर वेळी येऊन मोजायचे. ते मोजून झाले की बाकीच्यांना मोजायची गरज वाटत नसे.

एका नियमावर मात्र मी अडून बसलो. शाळा बुडवून कापूस वेचायला गेलेल्या दिवसाची मजुरी डब्यात घ्यायची नाही. काहींना ते जाचक वाटलं. पण डब्यात शिल्लक दिसावी म्हणून दहा वर्षांचं पोर सकाळी शेतात उभं राहणार असेल, तर असला उपक्रम न केलेला बरा. दुसऱ्या एका गोष्टीत माझं सहकाऱ्यांशी पटलं नाही. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा पोरांनी पैसे काढले. कुणी गॉगल घेतला, कुणी बहिणीला बांगड्या. “एवढं शिकवून हेच?” असं कुणीसं म्हणालं. मला त्यात वावगं दिसलं नाही. तीन महिने आधी ठरवून, साठवून आणि न मागता केलेला तो खर्च होता.

खरं गणित सातवीच्या वर्गात झालं, ते खावटीचं. ऊसतोडीला गेलेल्या घरांना मुकादम हंगामात धान्य देतो आणि हिशेबात त्याच्या दीडपट कापून घेतो. मी फळ्यावर २,००० ची खावटी लिहिली, सहा महिन्यांनी फेड ३,०००. शेजारी बँकेचं बचत खातं, तेव्हा १०० रुपयांवर वर्षाला साधारण ३ रुपये. एका मुलाने वहीत मांडून पाहिलं, खोडलं, पुन्हा मांडलं. “सर, हे तर वर्षाला शेकडा शंभर झाले.” वर्गात कुजबुज सुरू झाली, कारण प्रत्येकाच्या घरचा आकडा वेगळा होता आणि तो प्रत्येकाला पाठ होता. त्या मुलाने पुढच्या सुट्टीत वडिलांकडची मुकादमाची चिठ्ठी आणून दाखवली. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती आणि धान्य किती, हे तिच्यावर वेगळं लिहिलेलंच नव्हतं. आता घरून निघताना तो स्वतः एका वहीत वेगळं लिहून देतो. मुकादमाने दर काही कमी केला नाही.

डबा भरला आणि खात्यांचा विषय निघाला. पोस्टात खातं उघडायला ५०० रुपये लागतात, तिथेच निम्मी मुलं गळणार. जनधनचं शून्य शिलकीचं खातं १० वर्षांवरच्या मुलाला उघडता येतं. शिवाय १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीने खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासूनच बँकांना दिली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच सूचना नव्याने निघाल्या. कागदावर सगळं सोपं आहे.

प्रत्यक्षात एकाच मुलाचं आडनाव आधारवर ‘पावरा’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘बारेला’. जन्मतारीख एकीकडे १ जानेवारी, दुसरीकडे आमची नेहमीची १ जून. काहींचे अंगठेच जुळेनात, कारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात हे घरी कुणाला माहीत नव्हतं. त्यात पालकांच्या डोक्यात गणवेशाच्या पैशांची आठवण ताजी. दोन गणवेशांचे ४०० रुपये थेट खात्यावर देण्यासाठी आई आणि मुलाचं संयुक्त खातं काढायला लावलं होतं, तेव्हा ४०० रुपयांसाठी ५०० भरायची पाळी कित्येकांवर आली होती. “पुन्हा तेच का?” असं बायांनी विचारलं, आणि त्यांना समजावण्यात माझे कितीतरी रविवार गेले.

बँकेत पहिल्यांदा उत्तर मिळालं, “लहान मुलांचं होत नाही, आईवडिलांना आणा.” आईवडील केळीच्या बागेत. मी परिपत्रकाची प्रत पुढे केली. काउंटरवरच्या साहेबांनी ती वाचली आणि मॅनेजरकडे बोट दाखवलं. मॅनेजर चांगले निघाले, पण तेही म्हणाले की सगळे एकदम आणू नका.

पहिल्या तुकडीत सहा मुलं होती. आदल्या आठवड्यात वर्गातच बँक मांडली होती. एकाने कॅशियर व्हायचं आणि मुद्दाम तुसडेपणाने बोलायचं. पोरांना हे काम फार आवडलं. भाषेच्या तासाला जे तोंड उघडत नाहीत, ते कॅशियर म्हणून खेकसत होते. दहाच्या नाण्याचंही नाटक केलं, कारण आमच्या आठवडे बाजारात दुकानदार ते घेत नाहीत आणि डब्यात तीच जास्त. दहाची नाणी १४ वेगवेगळ्या नक्ष्यांत निघाली असून सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय. बाजारात ते मुलांनी दोघातिघांना ऐकवलं. एकाने नाणं घेतलं, बाकीच्यांनी “शहाणपणा शिकवू नको” म्हणून परत केलं.

खऱ्या बँकेत आमची खजिनदार स्लिप भरायला बसली. दोऱ्याने बांधलेला पेन चालेना, म्हणून तिने दप्तरातला काढला. ‘अक्षरी रुपये’ या ओळीवर थांबली, आणि ‘एकशे चाळीस फक्त’ असं लिहून ‘फक्त’खाली रेघ मारली. सहीच्या जागी पूर्ण नाव, गावासकट. पासबुक मात्र त्या दिवशी मिळालं नाही. प्रिंटर बंद.

पासबुकं आली, तेव्हा व्याजाच्या नोंदीपेक्षा दुसरीच ओळ पोरांनी आधी पकडली. दोघांच्या खात्यातून १७ रुपये ७० पैसे गेले होते, एसएमएसचे. १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हा हिशेब त्यांनीच लावला. त्या दोघांच्या घरी मोबाइल एकच, आणि तो बापाबरोबर बारडोलीला. शून्य शिलकीच्या खात्याला हे शुल्क कसं लागलं, असा अर्ज त्यांनी लिहिला. मी फक्त शुद्धलेखन तपासलं. खाती चुकून साध्या बचत खात्यात उघडली गेली होती. बँकेने ती बदलून दिली. एकाचे पैसे परत आले, दुसऱ्याचे ‘पुढच्या महिन्यात’ येणार होते. तो अजून विचारतो आहे, दर शनिवारी मलाही.

कुणाला आपल्या शाळेत हे करायचं असेल, तर आधारची आणि जन्मतारखेची दुरुस्ती शाळा उघडल्या उघडल्या, जूनमध्येच धरा आणि खाती गणपतीच्या आत उघडा. दिवाळीनंतर सहीला घरी फक्त आजी सापडते, आणि अर्जावर तिच्यासाठी रकाना नसतो.