ओपीडीचा पर्चा, व्हिसा आणि भाभींची झोप

सरकारी दवाखान्यात पर्च्याच्या (म्हणजे केसपेपरच्या) खिडकीवरचा तो माणूस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही इंदूरला पलसीकर कॉलनीत राहतो. शेजारच्या भाभी हिंदू, पाकिस्तानात सिंधमधल्या कंधकोटच्या. त्या भागात व्यापाऱ्यांना खंडणीसाठी उचलून नेतात. त्यांच्या दिरांनाही नेलं होतं, पैसे भरून सुटले. कुटुंब २०२१ मध्ये इकडे आलं. ३१ डिसेंबर २०१४ नंतर आल्यामुळे सीएएचा (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा) रस्ता बंद, सगळं दीर्घकालीन व्हिसावर चाललंय.

खालच्या दुकानाचं शटर रात्री खडाडलं की भाभी उठून दाराची कडी बघायच्या. परत यायच्या, पुन्हा जायच्या. मग मुलांच्या अंगावर हात ठेवून बसून राहायच्या. पहाटे डोळा लागलाच तर ओरडत जाग्या व्हायच्या. जवळच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यावर कसंबसं चाललं होतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. हिंदूंचे दीर्घकालीन व्हिसा कायम आहेत, असं सरकारने लगेच स्पष्ट केलं, पण भाभींच्या घरात सामान बांधून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं. त्यानंतर गोळीनेही झोप येईना.

म्हणून सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन गेले. खिडकीवर आधार मागितलं. त्यांचा आधारचा अर्ज पत्त्याच्या पुराव्यावर अडकलेला, म्हणून पासपोर्ट दिला. त्या माणसाने तो उंच धरला आणि पलीकडच्याला ओरडून विचारलं, "ये पाकिस्तानवाली का क्या करना है?" अख्खी रांग वळून बघायला लागली. भाभींनी ओढणी तोंडावर घेतली आणि सरळ जिना उतरल्या. ज्या बाईची झोप भीतीने उडाली आहे, तिला चारचौघांत असं उभं करायचं? रात्री त्या अजिबात झोपल्या नाहीत.

पुढच्या वेळी मी एकटीच गेले. खिडकीवर म्हणाले, "थाने से लिखवाके लाओ." ठाण्यात म्हणाले, असं काही आम्ही लिहून देत नाही. पुन्हा खिडकी, पुन्हा तेच. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढून वाचला. कलम १८ प्रमाणे सरकारी मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, त्याला नागरिकत्वाची अट नाही. त्या पानाची हिंदी प्रत घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, उपचार नाकारायचे असतील तर तसं लेखी द्या. लेखी कोणी देईना. पासपोर्टच्या नंबरवर पर्चा निघाला. मला त्याचा अभिमान आहे, आणि ज्यांच्यासोबत भांडायला कोणी नसतं त्यांचं काय होत असेल, याचा त्रासही होतो.

आतल्या डॉक्टरीणबाई चांगल्या निघाल्या. त्यांनी पहिल्यांदा स्वप्नांबद्दल विचारलं. तुम्हीही नुसतं "झोप येत नाही" सांगू नका. स्वप्नं, दचकणं, कडी बघणं, सगळं सांगा, नाहीतर पुन्हा झोपेच्या गोळ्याच हातात येतात. त्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं, असं त्या म्हणाल्या. मात्र एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या. दुसरं औषध सुरू झालं, समुपदेशन सुरू झालं. वाईट स्वप्नाचा शेवट दिवसा बदलून मनात घोळवायचा, हा सराव भाभींना सगळ्यात मानवला. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ ठरलेली. झोप लागत नसेल तर कूस बदलत पडायचं नाही, उठून बसायचं.

हो, दुभाषी म्हणून मुलांना नेऊ नका. भाभी मुलीसमोर काहीच बोलल्या नाहीत, नणंद आल्यावर बोलल्या. रात्री फारच घाबरल्या तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मोफत, चोवीस तास.

आता बऱ्याच रात्री झोप लागते. व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की पुन्हा बिघडते, म्हणून त्याआधी डॉक्टरांना दाखवून येतो. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स जवळ ठेवा, आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा झाला तर आपल्याच हातात धरून दाखवा.