कोलंबसचा अनुस्वार

ओहायो राज्याची राजधानी असलेल्या कोलंबस शहरी मी गेलो तो भाचीला भेटायला. अमेरिकी फुटबॉलचे नियम मला तेव्हाही कळत नव्हते आणि आजही धड कळलेले नाहीत. पण ऑक्टोबरातल्या शनिवारी त्या गावात सामना सोडून दुसरे काही करायचे म्हटले, तर रस्ते मोकळे मिळत नाहीत आणि बोलायला माणूस मिळत नाही. भाचीने आठवडाभर आधीच बजावून ठेवले होते, की सामना कळला नाही तरी चालेल, बँड मात्र चुकवायचा नाही. त्यामुळे पुढचे वर्णन सामन्याचे नाही, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मार्चिंग बँडचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बँडचा दिवस मैदानाबाहेर सुरू होतो. सामन्याला दोन-अडीच तास असतानाच, स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या सेंट जॉन अरिना या जुन्या बंदिस्त क्रीडागृहात माणसे जमू लागतात. या कार्यक्रमाला ‘स्कल सेशन’ म्हणतात. स्कल म्हणजे कवटी, आणि कवटीत काय उरले आहे ते तपासणे हा त्यामागचा मूळ हेतू. १९३२च्या सुमारास तो केवळ तालमीच्या खोलीतला शेवटचा सराव होता, ज्यात आठवड्याभरात पाठ केलेले संगीत खरेच पाठ झाले आहे ना, हे पाहिले जाई. वादकांचे मित्र आणि घरचे ऐकायला येऊ लागले, खोली पुरेनाशी झाली आणि १९५७ साली हा सराव सेंट जॉन अरिनात आला. आज तिथे हजारो माणसे बसतात, खेळाडूही येऊन जातात, पण त्याचा पाया सरावाचाच राहिला आहे. ज्याला आपण आज सोहळा म्हणतो, तो एकेकाळचा गृहपाठ आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

वाद्यांविषयी इथेच सांगायला हवे. या बँडमध्ये क्लॅरिनेट नाही, बासरी नाही, सॅक्सोफोन नाही. १९३४ साली युजीन वायगल हे संचालक असताना सगळी लाकडी घराण्याची वाद्ये काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून तिथे फक्त पितळ आणि तालवाद्ये आहेत. बंद छताखाली दोनशेहून अधिक माणसे एका वेळी पितळेत फुंकर घालतात, तेव्हा तो आवाज कानाआधी बसलेल्या बाकाला कळतो. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, त्यातून जाताना छातीत जे होते ते मला ठाऊक होते, पण तिथे निदान डोक्यावर आकाश असते.

बँडचे मूळ लष्करी आहे. १८६२च्या कायद्याने केंद्राकडून मिळालेल्या जमिनीच्या बळावर अमेरिकेत जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांनी शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी कवायतही शिकवावी, अशी अट होती. इथले महाविद्यालय १८७३ साली सुरू झाले, १८७८ साली त्याचे ओहायो स्टेट विद्यापीठ झाले आणि त्याच वर्षी कवायतीला ताल देण्यासाठी विद्यार्थ्यांचे एक लहानसे बासरी-ढोलांचे पथक निघाले. आजचा गडद निळा गणवेश आणि छातीवरचे पांढरे पट्टे पाहिले, की ती कवायत अजून अंगावर आहे हे कळते. मुलींना प्रवेश मिळायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले.

स्टेडियम १९२२ सालचे, ओलेंटँजी नदीच्या काठचे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे, आणि त्यात एक लाखाहून अधिक माणसे मावतात. आम्हाला जागा मिळाली ती बरीच वर, पण बँडसाठी वरचीच जागा चांगली, कारण मैदानावरचे अक्षर खालून वाचता येत नाही. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आपण तरुणपणी या बँडमध्ये सूझाफोन वाजवत होतो, असे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये वादकाच्या अंगाला वेटोळे घालून डोक्यावर फणा काढलेला जो अजस्र कर्णा दिसतो, तोच हा सूझाफोन.

उत्तरेकडच्या उतारावरून आधी ताशे-ढोल आले, मिनिटाला १८० पावलांच्या गतीने, गुडघे कमरेपर्यंत उचलत. सगळा बँड उभा राहिल्यावर ड्रम मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या, त्यांच्या मधून धावत पुढे आला आणि पाठीमागे इतका वाकला, की टोपीवरचा तुरा हिरवळीला टेकला. लाखभर माणसे ओरडली. शेजारचे गृहस्थ ओरडले नाहीत. ते पुढे काय येणार त्याची वाट पाहत होते.

पुढे आले ते ‘स्क्रिप्ट ओहायो’. आधी एकात एक तीन वलये करून बँड फिरत राहतो आणि मग ‘ल रेजिमाँ द साँब्र ए म्यूज’ या जुन्या फ्रेंच लष्करी कूचगीतावर ड्रम मेजरच्या मागे एकेरी रांग सुटते. ती रांग मैदानावर राज्याचे नाव रोमन लिपीत लिहीत जाते, तेही सुटी अक्षरे मांडून नव्हे, तर वळणदार जोडलिपीत. आपल्या मोडीत जशी लेखणी न उचलता ओळ पुरी करायची, तशीच ही माणसांची लेखणी कुठेही न तुटता वळते. जिथे अक्षराची रेघ स्वतःलाच छेदते, तिथे वादक एकमेकांच्या मधून, वाद्य न थांबवता, आरपार निघून जातात. हे पहिल्यांदा घडले १० ऑक्टोबर १९३६ रोजी, पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात. मिशिगन विद्यापीठाच्या बँडने १९३२ साली याच मैदानावर हे नाव जोडलिपीत लिहून दाखवले होते, असा मिशिगनवाल्यांचा दावा आहे, पण तो कोलंबसमध्ये मोठ्याने बोलू नये. मिशिगनशी सामना असतो त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्टीची फुली मारणारे हे लोक आहेत.

नाव लिहून झाले, तरी तिसऱ्या अक्षरावरचे, ‘आय’वरचे, टिंब राहते. एका टिंबासाठी लाखभर माणसे श्वास रोखून बसतात, याचे मराठी माणसाला खरे तर नवल वाटायला नको. उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२च्या नियमांनी काढून टाकले, त्यावर आपण किती वर्षे हमरीतुमरीवर येत होतो! ते टिंब म्हणजे एक माणूस असतो, आणि तो सूझाफोनवालाच असतो, तोही बँडमध्ये किमान चौथे वर्ष काढलेला. पहिल्या वर्षी, १९३६ साली, तिथे जॉन ब्रुंगार्ट हा ट्रम्पेटवादक उभा होता. पुढच्या वर्षी वायगल यांनी त्या जागी ग्लेन जॉन्सन या सूझाफोनवादकाला पाठवले. १९३८ साली ड्रम मेजर ‘आय’च्या माथ्यावर जरा आधीच येऊन पोचला आणि संगीत शिल्लक राहिले. आता या उरलेल्या मात्रांचे करायचे काय, म्हणून जॉन्सनने एक उंच लाथ उडवली, गिरकी घेतली आणि खोल वाकून नमस्कार केला. चूक झाकण्यासाठी केलेली ही युक्ती लोकांना इतकी आवडली, की आज ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही टिंब देणारा तेच करतो. बँडबाहेरच्या फार थोड्यांना हा मान मिळाला आहे: विनोदी नट बॉब होप, प्रशिक्षक वुडी हेज, गोल्फपटू जॅक निकलस, अंतराळवीर जॉन ग्लेन.

मला अधिक मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. या बँडमध्ये कोणाचीही जागा कायमची नसते. गेल्या वर्षी होतास म्हणून यंदा आहेस, असे नाही. प्रत्येकाला दर वर्षी नव्याने निवड-चाचणी द्यावी लागते. २२८ जण निवडले जातात, त्यांतले १९५ मैदानात उतरतात आणि उरलेले राखीव असतात. राखीव वादक हंगामभर आपल्या रांगेतल्या कोणालाही आव्हान देऊन त्याची जागा मिळवू शकतो. यांतले बहुतेक संगीताचे विद्यार्थीही नसतात. आपल्याकडे अनेक संस्थांत परंपरा म्हणजे खुर्ची, एकदा बसले की उठायचे नाही. इथे परंपरेची खुर्ची दर आठवड्याला हलवून पाहतात.

अर्थात सगळेच हलवून पाहिले जात नव्हते. २०१४ साली विद्यापीठाच्या चौकशीत या बँडमधल्या अश्लील टोपणनावांचे आणि मानहानीकारक प्रथांचे वातावरण उघडकीला आले आणि तेव्हाच्या संचालकांना पदावरून दूर करण्यात आले. त्याही प्रथा वर्षानुवर्षे ‘आमच्यात असेच चालते’ म्हणून चालल्या होत्या. भाचीने हे मला स्टेडियमकडे चालतानाच सांगितले होते, आणि उतारावरचा तो प्रवेश पाहताना ते मनातून पूर्णपणे गेले नव्हते.

शेजारच्या गृहस्थांना मी साहजिकच विचारले, की आपण कधी टिंब दिलेत का. ते म्हणाले, नाही. पहिली दोन वर्षे राखीव होतो, मग मैदानात आलो, आणि चौथ्या वर्षी चाचणीत नाव आले नाही. हे त्यांनी असे सांगितले, जणू कालच निकाल लागला होता. दर वर्षी जुन्या वादकांसाठी एक सामना राखलेला असतो, त्यात जुना आणि नवा बँड मिळून मैदानावर चार वेळा ओहायो लिहितो. सूझाफोनचे वजन पंधरा किलोच्या आसपास भरते. गुडघे बोलू लागेपर्यंत ते त्या सामन्यात नेमाने उतरत होते.

मी फोन काढून चित्रीकरण सुरू केले. गृहस्थांनी माझ्या कोपराला हात लावून सांगितले, की आता शेवटचे सोळा बार (तालाची आवर्तने), आणि फोन खाली ठेव. मी ठेवला नाही. नेमक्या त्याच वेळी पुढच्या रांगेतली सगळी माणसे उभी राहिली, आणि माझ्या चित्रफितीत लाल जाकिटाची एक रुंद पाठ तेवढी आहे. मैदान मी पाहिले ते पाठ आणि खांदा यांच्या फटीतून: ड्रम मेजर आणि सूझाफोनवाला हातावर टाळी देऊन निघाले, कर्ण्याचे चमकते तोंड डावी-उजवीकडे डोलत ‘आय’च्या माथ्याकडे सरकत गेले, आणि मग फट बुजली.

पण चित्रफितीत आवाज स्वच्छ आला आहे. त्यात पितळेच्या गजराखाली एक बारीक, ठाम टकटक ऐकू येते. भाचीला वाटले, फोनमध्ये काही बिघाड आहे. ती शेजारच्या गृहस्थांच्या बुटाची टाच आहे. बाकाखालच्या सिमेंटवर ते पावले मोजत होते, आणि गर्जना उठण्याच्या अर्ध्या क्षणाआधी ती टाच एकदाच जोरात आपटते.