सापळे भरत होते, कारली सडत होती

काकांनी सापळ्याचा डबा कागदावर उपडा केला. मूठभर मेलेल्या माशा पडल्या. "ताई, सापळे तर भरतायत. मग कारली का सडतायत?"

मला लगेच बोलवेना. दहा दिवसांपूर्वी याच मांडवाखाली उभी राहून मी "छान, माशी सापडतेय" म्हणाले होते. तेव्हा डबा उघडून बघितलाच नव्हता.

एक कारलं चिरलं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मादीने टोचलं होतं तिथे चिकट थेंब वाळून बसलेला आणि फळ त्याच बाजूला वाकडं झालेलं. मग भिंग काढलं आणि कागदावरची एकेक माशी पालथी करून बघितली. वेलवर्गीय पिकांवरची फळमाशी तांबूस असते, तिच्या पाठीवर तीन पिवळ्या रेघा असतात. मधली रेघ ही पक्की खूण. या माशांची पाठ काळसर. दोन्ही कडांना पिवळी रेघ, मधली एकीलाही नाही. म्हणजे या आंबा-पेरूवरच्या. बांधापलीकडे पेरू पिकले होते आणि डब्यात वडी होती मिथाइल युजेनॉलची, म्हणजे याच माशांना वासाने ओढणाऱ्या रसायनाची. कारलं, काकडी, दोडक्यावरच्या माशीला क्यू-ल्यूर हे वेगळ्या वासाचं आमिष (ल्यूर) लागतं. दहा दिवस आम्ही शेजाऱ्याच्या पेरूची माशी पकडत होतो.

पाकिटावर 'फळमाशी सापळा' एवढं ठळक छापायचं आणि रसायनाचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात, याचा मला मनापासून राग आहे. विकणाऱ्याने पीक कोणतं एवढं तरी विचारायचं!

नवे डबे लावताना हातमोजे बदलले, कारण एका ल्यूरचा हात दुसऱ्याला लागलेला चालत नाही. डबे वेलीच्या उंचीवर टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका डब्यात अकरा माशा होत्या, सगळ्यांना मधली रेघ. काकांचा चेहरा खुलला.

मला मात्र धास्ती होती. ते सगळे नर, कारण या ल्यूरच्या वासाला नरच येतात. सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलावर फक्त नर माशा जमतात हे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ सालीच नोंदवलं होतं, तरी डबा भरला की मादीही आटोक्यात आली असं आपण आजही धरून चालतो. नर कमी झाले की पुढच्या माद्यांना जोडीदार मिळत नाही, पण त्याला वेळ लागतो. आधीच फळलेली मादी अंडी घालतच राहते, बाहेरूनही येते. म्हणून टोचलेली फळं रोज वेचून नष्ट करावीच लागतात.

"वेचतो की," काका म्हणाले आणि बांधाकडे बोट दाखवलं. तिथे सडक्या कारल्यांचा ढीग होता. तो बाजूला सारून खुरप्याने दोन बोटं माती उकरली. आत फळांतून मातीत उतरलेल्या अळ्यांचे फिकट तपकिरी कोश होते, गव्हाच्या दाण्यासारखे पण लहान. खुरप्याच्या एका फटक्यात तेवीस निघाले. मी मांडवाखाली "छान" म्हणाले, त्या दिवशी यातली बरीचशी अंडीच असणार.