तुम्ही विचारलंत म्हणून: गेम कन्सोलचं कुलूप तुटतंच कसं?

मी फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रात आतच भरलेल्या सॉफ्टवेअरच्या, सुरक्षेचं काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कॉलेजात बोलायला गेले तरी तोच, लग्नाच्या पंगतीत बसले तरी तोच. "सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट एवढ्या बलाढ्य कंपन्या. चोरीचे गेम चालणार नाहीत असा एक कन्सोल त्यांना धड बनवता येत नाही का?"

अडचण कुठे आहे ते आधी बघा. बँकेचा सर्व्हर बँकेच्या ताब्यात असतो. कन्सोल मात्र ज्याच्यापासून जपायचा त्याच्याच टेबलावर वर्षानुवर्षं असतो. तो उघडा, तारा जोडा, वीज कमीजास्त करून बघा, अडवायला कोणी नाही. आणि एकदा विकलेली चिप बदलता येत नाही. २०१८ साली निन्टेन्डो स्विचच्या टेग्रा चिपमध्ये, बूटरॉममधल्या (यंत्र सुरू करणारा, चिपमध्येच कायमचा कोरलेला प्रोग्रॅम) यूएसबीच्या कोडात चूक सापडली. बूटरॉमची दुरुस्ती अपडेट पाठवून होत नाही. त्यामुळे तोवर विकलेले सगळे स्विच कायमचे उघडे राहिले.

या कुलपाचा गाभा म्हणजे सही. कंपनी गेमच्या फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला ठराविक लांबीचा ठसा, काढते, त्यावर आपल्या खासगी किल्लीने (फक्त तिच्याकडे असलेल्या गुप्त आकड्याने) सही करते, आणि कन्सोल ती तपासूनच गेम चालवतो. यामागचं गणित भक्कम आहे, ते कुणी फोडलेलं नाही. फुटतो तो ते गणित वापरणारा कोड. निन्टेन्डोच्या वी (Wii) या कन्सोलमध्ये दोन हॅश, एक फाइलचा आणि एक सहीतला, जुळवायला सी भाषेतलं अक्षरं जुळवणारं फंक्शन वापरलं होतं. शून्य बाइट आला की मजकूर संपला, असं ते फंक्शन धरतं आणि तिथेच थांबतं. म्हणजे दोन्ही हॅशचा पहिलाच बाइट शून्य असेल, तर पुढचं काही न बघता "जुळलं" असं उत्तर येणार! फाइलमधली एखादी बिनकामाची जागा बदलत राहिलं, की साधारण २५६ प्रयत्नांत एकदा फाइलचा तसा हॅश मिळतो. सहीच्या जागी नुसती शून्यं भरली की सहीतला हॅशही शून्यच निघतो, काम झालं.

प्लेस्टेशन ३ ची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या २७सी३ या हॅकरांच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने सोनीची खासगी किल्ली कशी काढता येते ते दाखवलं. सोनीची सही ईसीडीएसए पद्धतीची होती. या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी एक नवा, कुणाला ओळखता न येणारा आकडा घ्यावा लागतो. सोनीने तो दर वेळी एकच घेतला होता. मग हातात दोन सह्या आल्या की दोन समीकरणं मिळतात, आणि अज्ञात गोष्टीही दोनच उरतात: तो आकडा आणि किल्ली. आपल्या दहावीच्या पुस्तकातला पहिला धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे, ज्याला येतो त्याला पुढची पायरी समजते. किल्ली हाती आल्यावर कुणालाही सोनीच्या नावाने सही करता येत होती. मार्च २०११ च्या अपडेटने सोनीने बरीच डागडुजी केली, पण आधीच्या फर्मवेअरवर थांबलेली यंत्रं उघडीच राहिली.

पण हे २०१० मध्येच का झालं? हा कन्सोल २००६ पासून बाजारात होता. तोवर त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची सोय सोनीनेच दिलेली होती. अमेरिकी हवाई दलाने तर १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या हॅकरने याच लिनक्समधून हायपरव्हायझरपर्यंत (लिनक्सला बंधनात ठेवणाऱ्या सोनीच्या सॉफ्टवेअरपर्यंत) वाट काढल्याचं जाहीर केलं, आणि १ एप्रिलला सोनीने अपडेट पाठवून ही सोय काढून टाकली. पैसे देऊन घेतलेल्या यंत्रातली जाहिरात केलेली गोष्ट गेली. ऑगस्टपर्यंत चोरीचे गेम चालवणारी यूएसबी काडी बाजारात आली, आणि डिसेंबरमध्ये फेलओव्हरफ्लो. त्यांनी उघड सांगितलं की त्यांना लिनक्स परत हवं होतं. सोनीची काळजी खरी होती, तरी तो निर्णय चुकलाच, असं माझं ठाम मत आहे. चोरीचा माल विकणाऱ्यांकडे असली बुद्धी आणि चिकाटी सहसा नसते. ती असते यंत्रावर जीव असणाऱ्यांकडे. सोनीने त्यांनाच कामाला लावलं, आणि त्यांनी उघडलेल्या दारातून चोर आत शिरले.

मायक्रोसॉफ्टने यातून धडा घेतलेला दिसतो. पहिल्या एक्सबॉक्सची गुप्त किल्ली २००२ साली अँड्र्यू ह्वांग या संशोधकाने बोर्डावरच्या तारांमधून धावणारा डेटा टिपून मिळवली होती. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये म्हणून मुख्य चिपच्या बाहेरचं सगळं शत्रूच्या हातात आहे असं धरलं गेलं. मेमरी असो वा हार्ड डिस्क, कशावरच भरवसा नाही, आणि किल्ल्या सॉफ्टवेअरला दिसतच नाहीत. अभेद्य कुलूप बनवायचा हट्टही धरला नाही. कुलूप फोडायचा खर्च थोडेफार गेम फुकट मिळवण्याच्या फायद्याहून जास्त ठेवायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. शिवाय २०१६ पासून दुकानातून आणलेल्या एक्सबॉक्स वनवर डेव्हलपर मोड सुरू करून स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येतो. ज्याला प्रयोग करायचेत त्याला कुलूप तोडायचं कारणच उरत नाही. हा कन्सोल चोरीच्या गेमपासून वर्षानुवर्षं टिकला. त्यात या मोडचा वाटा चिपइतकाच आहे असं मी मानते.

"पण किमतीचं काय?" हेही लोक विचारतात. रास्त आहे. पीएसटूच्या (प्लेस्टेशन २ च्या) काळात आपल्याकडे चोरीच्या डिस्क चालवणारी चिप बसवलेले कन्सोल सर्रास दिसायचे, कारण मूळ डिस्क मध्यमवर्गीय घराला परवडत नव्हती. हा प्रश्न कुठलीच चिप सोडवणार नाही, तो विक्री विभागाने सोडवायचा आहे.

ज्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी फेलओव्हरफ्लोचं २०१० चं भाषण आधी बघावं. मग मायक्रोसॉफ्टच्या टोनी चेन यांचं एक्सबॉक्स वनवरचं २०१९ चं भाषण बघावं. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.