फिल्म विझली, पण कशाने?

पिरिडीन या द्रावकात काम करणाऱ्या माणसाला घरचे लोक लांबूनच ओळखतात. सडक्या मासळीसारखा तो वास केसांत बसला की दोन अंघोळींनीही जात नाही. तरी त्याला पर्याय नव्हता. आमचे कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोकण तयार होतात तेच मुळी टॉपो नावाच्या रेणूंचं आवरण घेऊन. जाडी जेमतेम १ नॅनोमीटर. पण इलेक्ट्रॉनला अडवायला तेवढी पुरते. पिरिडीन ते आवरण काढून टाकतं. म्हणून कण पिरिडीनमध्ये रात्रभर तापवायचे, हेक्झेन ओतून खाली बसवायचे, सेंट्रिफ्यूज करायचे, आणि पुन्हा तेच.

हे कण एमईएच-पीपीव्ही या पॉलिमरमध्ये मिसळून काचेवर पातळ फिल्म काढायची होती. नुसता पॉलिमर यूव्ही टॉर्चखाली झकास नारिंगी चमकतो. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांची जोडी तयार होते. १० नॅनोमीटरच्या आसपास भटकून तिला कुणी फोडणारा भेटला नाही, तर ती विरते आणि कधी कधी प्रकाश देऊन जाते. कणाने तिचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला तर चमक जाते. सोलर सेलला हेच हवं असतं.

त्या दिवशी दुपारी स्पिन कोटरवरून, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावणाची फिल्म पसरवणाऱ्या यंत्रावरून, तीन स्लाइड उतरवल्या. पहिली नुसत्या पॉलिमरची. दुसरीत टॉपोवाले कण. ती पहिलीपेक्षा थोडी मंद. तिसरीत पिरिडीनने धुतलेले कण. ती टॉर्चखाली जवळपास काळीच दिसली. बेंचवरचा ज्युनियर तर फोटोच काढायला लागला.

माझ्या गाइड मॅडमनी तिसरी स्लाइड उजेडाकडे धरून पाहिली. "विझली हे दिसतंय गं. पण इलेक्ट्रॉन गेला कशावरून?"

शंका रास्त होती. कॅडमियम सेलेनाइडचा बँडगॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, लहान असतो. पॉलिमर आपली सगळी ऊर्जा तशीच्या तशी कणाला देऊन टाकू शकतो. इलेक्ट्रॉन आणि होल दोघेही कणातच जातात. चमक तशीही जाते, पण वीज मिळत नाही. आमची दुसरी स्लाइड मंद होती ती बहुधा याच वाटेने. ऊर्जेला आवरणाचा फारसा अडथळा होत नाही.

"मॅडम, कॅडमियम सल्फाइड घेऊन बघते," मी म्हटलं. त्याचा बँडगॅप मोठ्या स्फटिकातसुद्धा २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात, नॅनोकणात त्याहून जास्त. आमचा पॉलिमर चमकतो २.१च्या आसपास. म्हणजे ऊर्जा देण्याचा मार्ग बंद. त्यातूनही फिल्म विझली, तर इलेक्ट्रॉन गेला म्हणायला आधार मिळतो. १९९६ साली बर्कलीत ग्रीनहॅम, पेंग आणि अलिव्हिसाटोस यांनी याच पॉलिमरबरोबर हे दोन्ही प्रकारचे कण वापरले होते, त्यामुळे मी काही नवीन शोधत नव्हते. पण आपल्या हातच्या कणांबद्दल आपणच खात्री करून घ्यावी लागते.

पिवळे सल्फाइडचे कण धुऊन तयार होतेच. मॅडमनी आणखी एक स्लाइड करायला लावली: पॉलिमर आणि नुसतं पिरिडीन, कण अजिबात नाहीत. मला ती उगाचची कटकट वाटली होती; आता ती मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावते. पिरिडीननेच पॉलिमर विझत असेल तर बाकीचा सगळा युक्तिवाद फुकट. फिल्म नायट्रोजनमध्ये ठेवल्या, कारण हवा आणि उजेड मिळून एमईएच-पीपीव्ही स्वतःच मरतो आणि मग काय कशामुळे विझलं ते कळत नाही.

चमक मोजणाऱ्या फ्लोरिमीटरवर ५०० नॅनोमीटरचा प्रकाश दिला. आमचे सल्फाइडचे कण तो शोषतच नाहीत, त्यामुळे जे दिसेल ते पॉलिमरचंच. नुसत्या पिरिडीनची फिल्म नेहमीसारखी चमकली. टॉपोवाल्या सल्फाइडचा आलेख तिच्या जवळपास बरोबरीने गेला. मग धुतलेल्या सल्फाइडची फिल्म ठेवली. आलेख तळाला चिकटून सरकत राहिला. स्लाइड नीट बसली नसेल म्हणून ती काढून पुन्हा बसवली, तरी तेच.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "हं. मग आता ९० टक्क्यांची कर."

वजनाने ९० टक्के कण, कारण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला कणावरून कणावर उड्या मारत इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचावं लागतं, आणि मधे कण कमी पडले की तो तिथेच अडकतो. एवढे कण घातले की द्रावण गढुळतं आणि फिल्म खरबरीत येते. माझी पहिली तशीच आली, कडेला ठिपके ठिपके. क्लोरोफॉर्म आणि पिरिडीनचं प्रमाण बदलत पुढचे कित्येक आठवडे गेले.