पाचारण ते मंडळीने पाठवणं आणि त्यानंतर: माझा अनुभव

बरेच जण विचारतात की परदेशात सुवार्तेसाठी, म्हणजे येशूचा शुभसंदेश सांगण्यासाठी, पाचारण (देवाचं बोलावणं) झालंय हे कळतं कसं, दर्शन होतं का, आवाज येतो का. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचलीच नाही अशा लोकांचं ओझं प्रार्थनेत वाढत गेलं, ते काही केल्या उतरेना, आणि शेवटी मी आणि बायकोने मिळून मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, जाऊन सांगितलं.

मला वाटलं होतं लगेच प्रार्थना करून पाठवतील. पण आमच्या एका ज्येष्ठ वडिलांनी बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 13 वा अध्याय काढला आणि म्हणाले, "बाळा, प्रेषित पौलाला प्रभू येशू दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरच भेटला होता, तरी अंत्युखियाच्या मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवून कामासाठी नेमलं, मगच त्याला आणि त्याचा सोबती बर्णबाला सोडलं. आम्ही पण पाठवू, पण आधी पारखू." आणि लगेच पुढचा प्रश्न, "इथे सध्या तू कोणाला शिष्य करतोयस?" मी दोन तरुणांसोबत दर आठवड्याला बायबलचं वचन वाचत होतो, ते सांगितलं, तर त्यांनी त्या दोघांना बोलावून माझ्या गैरहजेरीत सगळं विचारलं. मला हे फार योग्य वाटतं. जो माणूस आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांमध्ये कोणाच्या आयुष्यात वेळ घालवत नाही तो विमानात बसल्यावर एकदम कसा बदलेल?

मग कागदपत्रं सुरू झाली. लेखी साक्ष, विश्वासाचं निवेदन, ओळखीच्या लोकांची शिफारसपत्रं, मेडिकल, मुलाखती. बायकोची मुलाखत वेगळी झाली, मला बाहेर बसवून, कारण तिला स्वतःला जायचंय की फक्त नवऱ्यामागे जातेय हे त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. जोडीने जाणाऱ्यांनी हा भाग अजिबात टाळू नका.

पैशांचं म्हणाल तर पौलाने दोन्ही केलं. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर पोटासाठी तंबू बनवले आणि फिलिप्पैच्या मंडळीची देणगीही स्वीकारली. आज बऱ्याच देशांत मिशनरी व्हिसा मिळत नाही म्हणून लोक नोकरी किंवा व्यवसाय करत जातात, आम्हीही तसेच गेलो, फक्त एक सांगतो, व्हिसावर जे काम लिहिलंय ते खरंच आणि नीट करायचं, कारण आपण खरेपणाने वागलो नाही तर सुवार्ता कोण ऐकणार. देशाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी.

सुरुवातीचा काळ नुसता भाषा शिकण्यात गेला.

मंडळी स्थापन करणं म्हणजे इमारत बांधणं असं अजूनही अनेकांच्या डोक्यात असतं. पौल लुस्त्र, इकुन्य या शहरांत परत फिरला तेव्हा त्याने प्रत्येक मंडळीत वडील नेमले, आणि आपला सहकारी तीत याला क्रेत बेटावर मागे ठेवलं तेही ह्याच कामासाठी. 19 व्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन ह्या मिशन संस्थांच्या दोन पुढाऱ्यांनी हाच आग्रह धरला होता की स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः बघावा, खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी. माझं ठाम मत आहे की बाहेरच्या पैशावर पाळकाचा (पास्टरचा) पगार चालू केला की ह्या तिन्ही गोष्टी अडतात.

म्हणून आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला पाळकीय प्रशिक्षणात. तिथले पाळक दिवसभर कामावर जाणारे, काहींना वाचताही येत नाही, मग सेमिनरीसारखा (पाळक घडवणाऱ्या कॉलेजसारखा) अभ्यासक्रम काय कामाचा! आम्ही एक उतारा दोनदा मोठ्याने वाचायचो, पुस्तक बंद करायचो आणि एकेकाने तो तोंडी सांगायचा, सुटलेलं बाकीच्यांनी भरायचं, मग विचारायचं की यातून येशूबद्दल काय कळलं आणि तुमच्या मंडळीत हे आज कोणाला ऐकायची गरज आहे. एकदा आम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा 4 था अध्याय घेतला होता, ज्यात होडीत झोपलेल्या येशूला शिष्य उठवतात आणि तो वादळ शांत करतो. वाचता येणाऱ्या सगळ्यांनी एक वाक्य सोडलं आणि वाचता न येणारे एक भाऊ म्हणाले, "दुसऱ्या होड्या पण होत्या बरोबर. त्यांनी येशूला उठवलंच नव्हतं, तरी वारा त्यांच्यासाठी पण थांबला." त्या आठवड्यात त्यांनी ह्याच ओळीवर प्रवचन दिलं, आपल्या विश्वासाने शेजाऱ्यांचं काय भलं होतं यावर. मी तो अध्याय कितीतरी वेळा शिकवलाय, मला हे कधी सुचलं नव्हतं, आणि प्रभूचे मी मनापासून आभार मानले.

पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगितलं की तू ऐकलेलं विश्वासू माणसांना दे, म्हणजे ते इतरांना शिकवतील. यात चार पिढ्या आहेत बघा: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि इतर. त्यामुळे प्रत्येक पाळकाने तोच धडा घरी जाऊन आणखी दोघांना द्यायचा हा नियम आम्ही पहिल्यापासून ठेवला.

नव्या मंडळीत वडील नेमले गेले तेव्हा त्यांच्यावर हात मी ठेवले नाहीत, शेजारच्या मंडळीच्या वडिलांनी ठेवले, हे आम्ही सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. आता प्रशिक्षणाचे विषय, जागा, खर्च सगळं तेच बघतात आणि आम्ही त्यांनी बोलावलं तरच जातो. यावेळी त्यांनी विवाह समुपदेशनावर वर्ग मागितलाय, त्याची तयारी मी आणि बायको मिळून करतोय.