माइकची लाइन भिंतीतून नेताना

ज्यांचा सगळा स्टुडिओ एकाच खोलीत आहे, म्हणजे कॉम्प्युटर पण तिथेच, माइक पण तिथेच आणि गाणारा पण तिथेच, त्यांनी वॉल प्लेटच्या, म्हणजे भिंतीवर माइकचे कनेक्टर बसवलेल्या पट्टीच्या, भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सहा मीटरची चांगली केबल घ्या, माइकमधून सरळ इंटरफेसला (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) लावा, संपलं. मधे भिंतीत अजून दोन कनेक्टर आणि सहा डाग (सोल्डरचे जोड) वाढवून आवाज काही सुधारत नाही, झाला तर एखादा डाग सुटून त्रासच होतो.

आमचं तसं नव्हतं. नाशिकच्या इंदिरानगरमधलं साधं रो हाऊस, पुढच्या बेडरूममध्ये कॉम्प्युटर आणि स्पीकर, मागच्या छोट्या खोलीत रेकॉर्डिंग, मधे पॅसेज. तबला, पेटी, अभंग म्हणणारी मित्रमंडळी असं सगळं मागच्या खोलीत बसतं. केबली पॅसेजमधून दाराखालून जायच्या, त्यामुळे दार कधी पूर्ण लागायचंच नाही आणि दार लागलं नाही की स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा स्पीकरमध्ये, वर आई चहा घेऊन येताना केबलीवर पाय. घराचं रंगकाम निघालंच होतं म्हणून म्हटलं आत्ता नाही तर कधीच नाही. आईची अट एकच, भिंत फोडायचीच असेल तर गणपती उठल्यावर फोड.

पहिल्यांदा पाइप. ह्या सगळ्या प्रकारात मी सगळ्यात जास्त डोकं इथेच घातलं कारण कनेक्टर उद्या बदलता येतो, भिंतीतला पाइप नाही. घरच्या लाइट फिटिंगला २० किंवा २५ मिमीचा पाइप सर्रास टाकतात, पण आठ-दहा माइक केबली त्यातून ओढायला गेलात तर पहिल्याच बेंडला अडकतात. पाइपाच्या आतल्या जागेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच भरायची असा इलेक्ट्रिकवाल्यांचा जुना ठोकताळा आहे तो इथे पण लागू. मी ३२ मिमीचे दोन समांतर पाइप टाकले, एकात माइकच्या लाइनी, दुसऱ्यात कॅट सिक्स (नेटवर्कची केबल) आणि पुढेमागे काही लागलं तर ओढायला एक नायलॉनची दोरी नुसतीच सोडून ठेवली. वळणावर तयार काटकोनी एल्बो लावू न देता मोठ्या गोलाईचे बेंड लावायला लावले. प्लास्टर झाल्यावर ह्यातलं काहीच दिसत नाही त्यामुळे ह्यावर खर्च करताना घरचे विचारतात की नक्की काय चाललंय तुझं.

इलेक्ट्रिशियन काका अनुभवी माणूस, पण माइकची वायरिंग त्यांनी कधी केली नव्हती. झिरी मारून झाल्यावर म्हणाले, "दादा, त्या खोलीच्या एसीची वायर पण ह्याच पाइपात घालून देतो, परत वेगळी झिरी नको."

"नको काका, ह्यात लाइटची एकही वायर नको. आणि लाइटचा पाइप ह्याच्यापासून फूटभर लांब ठेवा."

"अहो एवढं काय, चांगल्या कंपनीची वायर आहे, करंट थोडाच बाहेर येतो."

करंट येत नाही हो, पण हम, म्हणजे गुणगुण, येतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. माइकमधून निघणारा सिग्नल काही मिलीव्होल्टचा, कधी त्याहून कमी, आणि प्रीअँपवर (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) ६० डीबी गेन लावला की तो हजारपट होतो. म्हणजे शेजारच्या वायरीतून जे काही त्यात शिरलं ते पण हजारपट. बॅलन्स्ड लाइनमध्ये दोन पिळलेल्या तारा असतात, दोन्हींवर सारखाच कचरा येतो आणि पलीकडे इनपुट दोन्हींतला फरक घेतं म्हणून तो कचरा बराचसा कटतो, पण बराचसा म्हणजे सगळा नाही. त्यामुळे लाइटच्या आणि माइकच्या वायरी समांतर धावायच्या असतील तर अंतर ठेवून, आणि एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. काकांनी मान हलवली आणि वेगळी झिरी मारली, मजुरी वाढली ते सोडा.

केबल कुठली घेऊ हा प्रश्न मला लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर सगळ्यात कंटाळवाणं आहे. स्टेजवर वापरायची ती जाड, मऊ, विणलेल्या जाळीची केबल भिंतीत घालायची गरज नसते, ती रोज गुंडाळायला-उलगडायला बनवलेली असते. भिंतीत कायमची पडून राहणार असेल तर फॉइल शील्ड (तारांभोवतीचं पातळ धातूचं आवरण) आणि सोबत त्याला टेकलेली एक उघडी ड्रेन वायरवाली बारीक इन्स्टॉलेशन केबल उत्तम. फॉइल पूर्ण झाकतं, केबल पातळ असल्याने पाइपात जास्त मावतात आणि टोक सोलताना जाळी पिंजत बसावं लागत नाही. डिमर, मोठे ट्रान्सफॉर्मर असल्या जागी चार तारांची स्टार क्वाड खरंच उपयोगी पडते, त्यात दोन-दोन सारख्या रंगाच्या तारा एकत्र करून एका पिनला लावायच्या. आमच्या बारा-तेरा मीटरला साधी दोन तारांची पुरली.

कनेक्टर आणण्यासाठी मी पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरलो आणि तिथून लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन पण मिळतात पण हातात घेऊन लॅच दाबून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. घ्यायचे ते डी साइजचे, पॅनलला बसणारे, कारण ह्या साइजमध्ये एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर), जॅक, स्पीकरचं स्पीकॉन, लॅनचं इथरकॉन, सगळंच सारख्याच भोकात बसतं. आज एक्सएलआर आहे तिथे उद्या दुसरं काही लावता येतं. सोन्याचा मुलामा असलेले घ्यायचे का? हवेत तर घ्या, काळे पडत नाहीत. आवाजात फरक पडतो असं सांगणाऱ्यासमोर मी गप्प बसतो.

प्लेट मात्र बाजारात हवी तशी मिळेना. आपल्या मॉड्युलर स्विचच्या प्लेटमध्ये एक्सएलआर बसत नाही, खाचेचं माप वेगळं आणि मागचा बॉक्स उथळ. पण नाशिकमध्ये राहून पत्र्याच्या कामाला कशाला अडायचं, सातपूर-अंबडला इलेक्ट्रिकल पॅनलची कामं करणारे गल्लोगल्ली आहेत. अंबडच्या एका लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं, २ मिमी अॅल्युमिनियम, २४ मिमीची गोल भोकं आणि प्रत्येक भोकाला तिरप्या कोपऱ्यांत दोन स्क्रूची भोकं, आडवं अंतर १९ आणि उभं २४ मिमी. त्याने आधी पुठ्ठ्यावर प्रिंट काढून कनेक्टर ठेवून बघितला आणि मगच मशीन लावलं, असा माणूस असला की बरं वाटतं. मागचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) बॉक्स पण त्याच्याकडूनच खोल करून घेतला, कारण कनेक्टरच्या मागे वायरीचा वळसा बसायला जागा लागते, नाहीतर प्लेट दाबून स्क्रू मारताना डागावर ताण येतो.

आता मेल (पिनांचा कनेक्टर) कुठे आणि फिमेल (भोकांचा) कुठे. सिग्नल नेहमी पिनांतून बाहेर पडतो, म्हणजे मेलमधून, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. माइकच्या बुडाला पिना असतात, केबलचं दुसरं टोक मेल, म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या भिंतीवर फिमेल आणि कंट्रोलच्या बाजूला मेल. मी आठ माइक लाइनी अशा टाकल्या आणि दोन उलट्या दिशेने, हेडफोनसाठी. ह्या उलट्या लाइनींवर हेडफोन अँपचं आउटपुट पाठवत नाही, बॅलन्स्ड लाइन लेव्हल पाठवतो आणि हेडफोन अँप गाणाऱ्याशेजारीच ठेवतो, त्यालाच आवाज कमीजास्त करता येतो आणि माइकच्या शेजारून मोठा सिग्नल धावत नाही. स्पीकरच्या पॉवरवाल्या लाइनी तर ह्या पाइपात अजिबात नाहीत. आणि माइकच्या लाइनीला पाव इंची जॅक लावू नका, जॅक आत सरकताना त्याचे कॉन्टॅक्ट एकमेकांना घासत जातात आणि ४८ व्होल्ट फँटम (माइकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू असेल तर तो शॉर्ट होतो. करंट काही मिलीअँपिअरच असतो, पण तरी कशाला.

डाग द्यायचं काम मी स्वतः केलं, रात्री, शेजारचा ग्राइंडर बंद झाल्यावर. पिन १ ला शील्ड, २ ला हॉट, ३ ला कोल्ड (सिग्नलच्या दोन तारा). रंग ठरवून घ्यायचा, माझा २ ला लाल आणि ३ ला काळा, आणि हे प्लेटच्या मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तरी कळेल. ड्रेन वायर उघडी असते म्हणून तिच्यावर आधी स्लीव्ह चढवायची, मग डाग. पिनचा कप आणि तार दोन्हीला आधी थोडं सोल्डर चढवून घेतलं की पुढे दोन सेकंदांचं काम राहतं. अजून एक, डाग देताना समोरून जोडीचा कनेक्टर घालून ठेवायचा, म्हणजे प्लॅस्टिक गरम होऊन मऊ पडलं तरी पिना जागेवरून हलत नाहीत. प्रत्येक टोकाला वीतभर वायर जास्त सोडली आणि दोन्ही टोकांना नंबर लावले, ते पण वायर ओढायच्या आधी. पाइपातून दहा सारख्या करड्या वायरी बाहेर आल्यावर कुठली कुठली हे शोधत बसण्यात रात्र जाते.

कनेक्टरच्या बॉडीचा जो वेगळा टॅग असतो तो पिन १ ला जोडायचा की नाही ह्यावर दोन मतं आहेत. मी नाही जोडला, कारण माझा जीआय बॉक्स इलेक्ट्रिशियनने घराच्या अर्थिंगला घेतलाय आणि दोन खोल्यांत दोन जागी अर्थ लागून लूप होऊन गुणगुण यायला नको होती.

मग मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक लाइन तपासली. १ ला १, २ ला २, ३ ला ३ वाजलं पाहिजे, आणि १-२, २-३, १-३ असं कुठेच वाजता कामा नये. २ आणि ३ उलटे झाले तर एकट्या माइकला कळतच नाही, आवाज येतो व्यवस्थित, पण तबल्याला दोन माइक लावले की डग्ग्याचा घुमारा गायब होतो आणि माणूस इक्यू फिरवत बसतो.

सगळं झाल्यावर पण एक बारीक गुणगुण होतीच. प्लेटचा काही संबंध नव्हता, मागच्या खोलीतला पंख्याचा जुना डिमरसारखा रेग्युलेटर होता, तो वीज कापून कापून देतो आणि त्यातून करकर निघते. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवला, शांत. घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर असाच आवाज येतो, तिथे साइन वेव्हशिवाय पर्याय नाही.

हो, आणि पाइपाची तोंडं उघडी ठेवू नका. आधी केबलींमुळे उघड्या राहणाऱ्या दारातून जाणारा आवाज आता पाइपातून जाईल, म्हणून दोन्ही टोकांना रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) ठासून वर पुट्टी. दोन खोल्यांत एकच साडेचार इंची भिंत असेल तर दोन्ही बॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका, मधे भिंत उरतच नाही, फूट-दोन फूट सरकवून घ्या.

पत्र्याची ड्रॉइंग फाइल कुणाला हवी असेल तर सांगा, कनेक्टरच्या भोकांची मापं तीच राहतील, फक्त बाहेरचं माप तुमच्या बॉक्सप्रमाणे बदलून घ्या.